अर्थिंग चोख असूनही स्लिटिंग मशिनवर झटके का बसतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकजवळ छोटा कारखाना आहे. 20 मायक्रॉनची बीओपीपी (पॉलिप्रॉपिलीनची) फिल्म मिनिटाला 150 मीटरच्या वेगाने स्लिट करून, म्हणजे उभ्या पट्ट्यांत कापून, रिवाइंड करता, म्हणजे पुन्हा रोलवर गुंडाळता, आणि त्याच शेडमध्ये दोन रंगांचं ग्रॅव्ह्युअर (कोरलेल्या सिलिंडरने होणारं) प्रिंटिंग चालतं. डिसेंबरपासून ऑपरेटरला झटके बसतायत. इलेक्ट्रिशियनने मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा दुसरा खड्डा केला आणि मशिनसमोर रबरी मॅट टाकली, तर झटके उलट वाढले. रोल उचलून नेणाऱ्या हेल्परला तर वजनकाट्याला हात लावला की झटका बसतो. आता कोणीतरी सुचवलंय की मशिनचं अर्थिंगच काढून टाका. ते काढावं का?

काढू नका. बाकीचं सगळं नंतर.

आधी एक खात्री करून घ्या, कारण स्टॅटिक (पृष्ठभागावर साठलेला स्थिर चार्ज) समजून खरं लीकेज (वायरिंगमधून बॉडीत उतरलेली वीज) दुर्लक्षित करणं जिवावर बेतू शकतं. लीकेजचा झटका धरून ठेवला तर चालूच राहतो, मुंग्या येतात, आणि हात काढून पुन्हा लावला तरी तसाच बसतो. स्टॅटिकचा झटका एकदाच 'टक्' करून बसतो, लगेच दुसऱ्यांदा हात लावला तर काहीच होत नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून मशिनची बॉडी आणि लांबचा स्वतंत्र अर्थ यांच्यामध्ये मोजा. एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. दहा-वीस किंवा जास्त दिसले तर मशिन बंद करून आधी वायरिंग तपासा, पुढचं वाचायची घाई नाही. तुमच्या वर्णनावरून मात्र हे स्टॅटिकच वाटतं. पावसाळाभर त्रास नव्हता, सकाळी कमी असतो आणि दुपारी हवा कोरडी झाली की वाढतो, असं तुम्हीच लिहिलंय. वायरिंगमधला दोष दुपार-सकाळ बघत नाही.

आता मूळ मुद्दा. अर्थिंगची तार धातूवरचा चार्ज घेऊन जाते, कारण धातूत चार्ज हलू शकतो: एका टोकाला वाट मिळाली की सगळा निघून जातो. पॉलिप्रॉपिलीनवर चार्ज जिथे बसला तिथेच बसून राहतो. फिल्म अर्थ केलेल्या रोलरवरून कितीही वेळा गेली तरी तिच्यावरचा चार्ज तारेतून उतरत नाही. पाण्याच्या टाकीला नळ बसवला तर ती रिकामी होते, बर्फाच्या लादीला नळ बसवून काय होणार? तुमच्या इलेक्ट्रिशियनचं काम चुकलेलं नाही, ते मशिनसाठी आहे. तुमचा चार्ज फिल्मवर आहे. खड्डे दोन करा की दहा, फिल्मला त्याचा पत्ता लागत नाही.

हा चार्ज येतो कुठून? घासल्यामुळे येतो असं शाळेत शिकवलं जातं, पण खरी क्रिया म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटणं आणि मग सुटणं. चिकटलेले असताना एकाकडून दुसऱ्याकडे चार्ज सरकतो, सुटताना तो परत जायला वेळ मिळत नाही. घासण्याने फक्त चिकटण्याची जागा वाढते. तुमच्या मशिनवर असं चिकटणं-सुटणं तीन ठिकाणी जोरात चालतं. अनवाइंडरवर, म्हणजे रोल उलगडतो तिथे, प्रत्येक थर खालच्या थरापासून सोलला जातो. रबरी निप रोलर फिल्म दाबून सोडतो. आणि प्रत्येक आयडलरवरून (फिल्मला नुसता आधार देणाऱ्या मोकळ्या रोलरवरून) फिल्म सुटते. वेग, ताण आणि निपचा दाब वाढवला की चार्ज वाढतो. फिल्मला कोरोना ट्रीटमेंट (शाई धरावी म्हणून पृष्ठभागावर केलेली विजेची प्रक्रिया) केलेली असेल तर ती मुळात चार्ज घेऊनच तुमच्याकडे आलेली असते. फिल्म ऋण होणार की धन, हे समोरच्या रबराच्या जातीवर आणि ट्रीट केलेली बाजू कोणती यावर ठरतं. पुस्तकातली पदार्थांची क्रमवारी बघून मशिनवरचं चिन्ह सांगायला जाऊ नका, एकाच लाइनवर दोन रोलर फिल्मला उलटसुलट चार्ज देताना दिसतात.

मग झटका माणसाला का बसतो, आणि तोही मशिनला हात लावल्यावर? कारण त्या क्षणी चार्ज माणसाच्या अंगावर असतो. रिवाइंडरवर प्रत्येक थर आपला चार्ज घेऊन रोलवर बसतो आणि तो साठत जातो. भरत आलेल्या रोलच्या पृष्ठभागावर दहा-वीस किलोव्होल्ट किंवा त्याहून जास्तही सहज असतात. त्याजवळ हात नेला की मनगटावरचे केस उभे राहतात ते यामुळे. रबरी तळव्याची चप्पल घालून ऑपरेटर या रोलशेजारी उभा राहिला की रोलला न शिवताही त्याच्या अंगातला चार्ज विभागला जातो आणि जमिनीच्या मानाने त्याचं शरीर हजारो व्होल्टवर जातं. अशा वेळी तो अर्थ केलेल्या फ्रेमला शिवतो आणि ठिणगी पडते. त्या ठिणगीतून त्याच्या अंगावर रोलच्या उलट चिन्हाचा चार्ज शिल्लक राहतो. रोलजवळ असेपर्यंत तो जाणवत नाही, पण रोलपासून दूर गेला की पुन्हा व्होल्टेज चढतं आणि पुढच्या धातूला हात लावला की दुसरा झटका. हेल्परला वजनकाट्यावर बसतो तो बहुतेक हाच. काटा अगदी निर्दोष आहे.

रबरी मॅटने त्रास का वाढला, हेही यातून उलगडतं. पॅनेलसमोर रबरी मॅट हवीच, तिथे ती 415 व्होल्टपासून माणसाला वेगळं ठेवते. रिवाइंडरसमोर तीच मॅट अंगावरचा चार्ज जमिनीत जाऊ देत नाही. साधा काँक्रीट कोबा किंवा शहाबादी फरशी स्टॅटिकसाठी पुष्कळ बरी असते. त्यावर इपॉक्सीचा थर दिला किंवा रबर अंथरलं की ती वाट बंद. ती मॅट उचला आणि पॅनेलसमोर टाका. ऑपरेटरला अँटिस्टॅटिक सेफ्टी शूज द्या, त्यांचा रोध साधारण 1 लाख ओहम ते 100 कोटी ओहम या टप्प्यात असतो: चार्ज निघून जायला पुरेसा कमी, आणि चुकून 230 व्होल्टला हात लागला तर प्रवाह आवरायला पुरेसा जास्त. कोणाच्या हाताला नुसती तार बांधून अर्थ करायचा उद्योग मात्र करू नका. मनगटपट्ट्यात 1 मेगओहमचा रोधक असतो तो उगीच नसतो.

एवढ्याने झटके कमी होतील, पण फिल्म चिकटणं, धूळ ओढणं, रोलच्या कडा सरकणं हे राहीलच, कारण चार्ज फिल्मवर तसाच आहे. त्याला काढायचा एकच व्यवहार्य उपाय म्हणजे त्याच्या उलट चार्जाचे आयन (चार्ज असलेले हवेचे कण) हवेतून फिल्मपर्यंत पोहोचवणं. स्टॅटिक बार हेच करतो. त्याच्या टोकदार पिनांवर 5 ते 8 किलोव्होल्ट एसी असतं, पिनेच्या टोकाशी हवा फुटून धन आणि ऋण असे दोन्ही आयन तयार होतात, आणि फिल्मला ज्यांची गरज आहे ते ती स्वतःच ओढून घेते.

बार घेण्याआधी मोजा. हातात धरायचा फील्ड मीटर (चार्जभोवतीचं विद्युत क्षेत्र मोजून किलोव्होल्ट दाखवणारा) लागतो, बहुतेक मीटर 25 मिलिमीटर अंतरावरून मोजण्यासाठी लावलेले असतात. तुमच्याकडे नसेल तर बार विकायला येणाऱ्याला आणायला सांगा आणि बार लावण्याआधीचं व नंतरचं रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला लावा. जो मीटरशिवाय बार विकतो त्याच्याकडून घेऊ नका.

मोजताना सगळ्यात जास्त फसगत इथे होते: रीडिंग फिल्म रोलरवर असताना घ्यायचं नाही, दोन रोलरांमधल्या मोकळ्या फिल्मवर घ्यायचं. कारण पाहा. समजा फिल्मवर चौरस मीटरला 10 मायक्रोकूलॉम चार्ज आहे. ती धातूच्या रोलरला टेकलेली असताना रोलरमध्ये फिल्मखाली तितकाच उलट चार्ज गोळा होतो, 20 मायक्रॉनच्या अंतरावर. त्या स्थितीत फिल्मच्या पृष्ठभागाचं व्होल्टेज जेमतेम 10 व्होल्ट भरतं, आणि मीटर 'सगळं छान' सांगतो. तीच फिल्म रोलरवरून सुटून मोकळी झाली आणि मागे जवळ धातू नसला की 25 मिलिमीटरवरचा मीटर 25 ते 30 किलोव्होल्ट दाखवतो. चार्ज तोच, फक्त त्याला झाकणारा उलट चार्ज मागे राहिला. हवा साधारण सेंटिमीटरला 30 किलोव्होल्टला फुटते, म्हणून सपाट फिल्मवर चौरस मीटरला 26-27 मायक्रोकूलॉमच्या वर चार्ज सहसा टिकत नाही. तेव्हा वरचं उदाहरण काही टोकाचं नाही.

मोकळ्या फिल्मवर 5 किलोव्होल्टच्या आत असेल तर स्लिटिंगला सहसा त्रास होत नाही, 10-15 च्या पुढे फिल्म चिकटायला आणि धूळ ओढायला लागते, 25-30 ला माणसं तक्रार करतात. हे ढोबळ आकडे आहेत, फिल्म जितकी पातळ तितका त्रास लवकर. आणि एक खोच: मीटर शून्य दाखवतो पण फिल्म तरी चिकटते असं कधी कधी होतं. तेव्हा एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण चार्ज समसमान बसलेला असू शकतो. बाहेरून दोघांची वजाबाकी होते. अशा फिल्मवर एका बाजूने लावलेला बार जवळजवळ निष्फळ ठरतो, कारण आयनांना ओढायला बाहेर फील्डच नसतं. तिथे चार्ज येतो त्या निपपाशीच उपाय शोधावा लागतो: दाब कमी करा किंवा रबर बदलून पाहा.

बार कुठे लावायचा? शेवटचा आयडलर आणि रिवाइंड रोल यांच्यामधल्या मोकळ्या फिल्मवर. आधी कुठे लावला तर पुढचा प्रत्येक रोलर पुन्हा चार्ज देतो आणि रोलवर तोच साठतो. पिनांपासून फिल्मचं अंतर 25 ते 30 मिलिमीटर. बारच्या समोर, फिल्मच्या पलीकडे 100 मिलिमीटरपर्यंत धातू नको. तो असला तर आयन फिल्मऐवजी त्याच्याकडे धावतात आणि फिल्मचं फील्डही दाबलं जातं. जागा नाही म्हणून बार आयडलरच्या अगदी डोक्यावर बसवलेला खूप ठिकाणी दिसतो. तो दिवसभर गुणगुणतो, ओझोनचा वास देतो आणि काम काहीच करत नाही. लांबी फिल्मच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना 50 मिलिमीटर जास्त घ्या. बारच्या खोळीचा अर्थ घट्ट असलाच पाहिजे, इथे तुमचा खड्डा कामी येतो. रोलचा व्यास वाढताना शेवटच्या टप्प्यातल्या फिल्मचा कोन बदलतो, म्हणून रिकाम्या कोअरवर आणि भरलेल्या रोलवर, दोन्ही वेळा अंतर मोजून घ्या.

वेगाचा एक हिशेब ध्यानात ठेवा. 50 हर्ट्झच्या एसी बारवर धन-ऋण अशी पूर्ण आवर्तनं सेकंदाला 50 होतात. मिनिटाला 150 मीटर म्हणजे सेकंदाला 2.5 मीटर, म्हणजे एका आवर्तनात फिल्म 5 सेंटिमीटर पुढे जाते. एवढ्यात 25-30 मिलिमीटरवरच्या बारचे आयन एकमेकांत मिसळतात, चालून जातं. उद्या तुम्ही वेग 300 वर नेलात तर आवर्तन 10 सेंटिमीटरचं होईल आणि फिल्मवर धन-ऋण असे आळीपाळीने पट्टे उमटायला लागतील. तेव्हा जास्त वारंवारतेचा बार किंवा पल्स डीसी बार बघावा लागेल. आज त्याचा खर्च करू नका.

बार यायला वेळ लागणार असेल तर तोवर तांब्याची टिन्सेल झालर किंवा कार्बन फायबरचा ब्रश लावा. फिल्मच्या पूर्ण रुंदीवर, फिल्मपासून 2-3 मिलिमीटर वर, आणि फ्रेमला तारेने अर्थ करून. याला वीज लागत नाही, फिल्मच्याच फील्डमुळे टोकांशी हवा फुटते. म्हणूनच फील्ड ठरावीक पातळीखाली गेलं की ते काम थांबवतं आणि थोडे किलोव्होल्ट मागे ठेवतं. 30 चे 4-5 झाले तरी तुमचा निम्मा त्रास जातो. अर्थ केला नाही तर ती नुसती शोभेची झालर.

आर्द्रतेबद्दल तुम्ही विचारलंय. कापसासाठी आर्द्रता रामबाण आहे, कारण कापूस पाणी पितो, सूतगिरण्या त्यासाठीच हवा ओली ठेवतात. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही. शेडमध्ये 50-55 टक्के आर्द्रता ठेवल्याने फरक पडतो, कारण पृष्ठभागावर असलेल्या धुळीचा, ॲडिटिव्हचा थर थोडा वाहक होतो आणि कोबा, कपडे, बूटही. पण एकट्या आर्द्रतेवर भिस्त ठेवू नका. कूलरचा ओला झोत थेट रोलवर सोडू नका, बेअरिंग आणि ब्लेड गंजतील ते वेगळंच.

अँटिस्टॅटिक मास्टरबॅच (फिल्म बनवताना प्लॅस्टिकमध्ये मिसळायचं मिश्रण) टाकलेली फिल्म मागवता येते. त्यातलं ग्लिसरॉल मोनोस्टिअरेटसारखं रसायन पृष्ठभागावर येऊन हवेतला ओलावा धरतं. दोन अटी: ते बाहेर यायला वेळ लागतो, आणि कोरड्या हवेत त्याचा जोर कमी होतो. शिवाय ते पृष्ठभागावर जास्त आलं तर शाई धरत नाही. छपाईला जाणाऱ्या फिल्मवर हे वापरण्याआधी डाइन पेनने (पृष्ठभाग शाई धरेल का ते दाखवणारं पेन) तपासा, 38 डाइनच्या खाली असेल तर शाई उखडेल.

आता प्रिंटिंग. तुमच्या प्रश्नात ते एका ओळीत आलंय, पण मला चिंता त्याचीच जास्त आहे. स्लिटरवर झटका म्हणजे वैताग, ग्रॅव्ह्युअरवर तोच झटका म्हणजे आग. माणसाच्या शरीराची धारकता (चार्ज साठवायची क्षमता) साधारण 150 पिकोफॅरड. 10 किलोव्होल्टला त्यात 7.5 मिलिज्यूल ऊर्जा असते. शाईच्या सॉल्व्हंटांपैकी टोल्युइनची वाफ पेटवायला सुमारे 0.24 मिलिज्यूल लागतात, इथाइल ॲसिटेटला सुमारे 0.46. म्हणजे शरीर 3 किलोव्होल्टला असताना जो झटका बोटाला जेमतेम कळतो, त्यात सुमारे 0.67 मिलिज्यूल असतात आणि तो दोन्ही पेटवू शकतो. थंडीत धोका कमी असेल असंही समजू नका: इथाइल ॲसिटेटचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून पेटण्याजोगी वाफ तयार होते) उणे 4 अंश आणि टोल्युइनचा 4 अंशांच्या आसपास. नाशिकच्या पहाटेच्या थंडीतही ट्रेवर पेटण्याजोगी वाफ असते, आणि हवा कोरडी होते ती याच मोसमात.

तिथे सर्वांत आधी सुटा धातू शोधा. नायलॉन चाकांच्या ट्रॉलीवरचं शाईचं भांडं, प्लॅस्टिक पॅलेटवर ठेवलेला थिनरचा ड्रम, लोखंडी बादली, मोजायचं डबडं. धातू असून अर्थ नसलेली वस्तू प्लॅस्टिकपेक्षा धोकादायक, कारण तिच्यावरचा सगळा चार्ज एकाच ठिणगीत बाहेर येतो. 20 पिकोफॅरडचं छोटं डबडं 10 किलोव्होल्टला गेलं तरी 1 मिलिज्यूल होतं. प्रत्येक भांड्याला दात असलेला क्लॅम्प लावा, रंगाचा थर फोडून धातूपर्यंत गेला पाहिजे. मल्टिमीटरने भांडं ते फ्रेम 10 ओहमच्या आत यायला हवं. क्रम महत्त्वाचा: आधी क्लॅम्प, मग झाकण उघडायचं. ओतून झालं की आधी झाकण, मग क्लॅम्प काढायचा. उलट केलं तर ठिणगी वाफेतच पडते. टोल्युइन स्वतः ओतताना चार्ज होतं आणि तो लवकर सोडत नाही, म्हणून भांड्याच्या कडेने हळू ओता, आणि ओतल्यावर लगेच पट्टी बुडवून मोजू नका, काही मिनिटं जाऊ द्या. प्लॅस्टिकचा मग आणि बादली तिथून कायमची हलवा. थिनरने भिजवलेल्या फडक्याने इम्प्रेशन रोलर (फिल्म छपाईच्या सिलिंडरवर दाबणारा) चालू मशिनवर पुसणं बंद. आणि स्वेटर मशिनपाशी काढायचा नाही, काढायचा तर बाहेर.

स्लिटरवरचा साधा बार तिथे आणून लावू नका. सॉल्व्हंटच्या वाफेच्या क्षेत्रात बार त्या क्षेत्रासाठी मान्यता असलेलाच लागतो. भारतात ही मान्यता पेसो (पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्हज सेफ्टी ऑर्गनायझेशन) ही सरकारी संस्था देते, मुख्यालय नागपुरात. विक्रेत्याकडून प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक बारवरच्या पट्टीशी जुळवून पाहा. तो येईपर्यंत अर्थ केलेला कार्बन ब्रश लावा. छापाच्या कडेला शाईचे बारीक तंतू, ज्यांना कामगार मिशा म्हणतात, फुटत असतील तर ती स्टॅटिकचीच खूण आहे. तो दोष दिसला की आधी वेग कमी करा, शाई पातळ करायला म्हणून आणखी सॉल्व्हंट ओतू नका.

बार बसवल्यावर पहिल्या महिन्यात तो उत्तम चालतो आणि मग 'बार खराब निघाला' अशी तक्रार येते. बहुतेक वेळा पिना माखलेल्या असतात. आठवड्याला एकदा वीज बंद करून मऊ नायलॉन ब्रशने पिना साफ करा, चिकट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा आणि पूर्ण सुकल्याशिवाय चालू करू नका, ओल्या बारवर पिनांमध्ये ठिणगी धावते. पिनेला स्क्रू ड्रायव्हर लावून ठिणगी येते का बघायची सवय सोडा, त्यातून फक्त वीज आहे एवढंच कळतं. बार काम करतोय का ते फील्ड मीटरच सांगतो: त्याच मोकळ्या फिल्मवर, त्याच वेगाला, बार बंद आणि चालू असं दोनदा मोजा आणि मशिनच्या वहीत तारखेसह लिहा. दोन्ही रीडिंग सारखी यायला लागली की आधी पिना, मग अर्थची तार, मग ट्रान्सफॉर्मर, या क्रमाने बघा.